दोन तारांचे मन

दिवाळी अंकातल्या टीकालेखाने कादंबरी घ्यावी, फार तर एखादे नाटक घ्यावे, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी या खेपेस घेतलेले पुस्तक जर्मनीत राहणाऱ्या एका मेंदूच्या शास्त्रज्ञाने इंग्रजीत लिहिलेले आहे, आणि ज्या विषयाचे ते आहे त्याला मराठी घरांत अजून नावसुद्धा रुळलेले नाही. तरीही मी ते ललित वाङ्मयाच्या पंक्तीला बसवतो आहे. कारण त्यात चौदा पात्रे आहेत, त्यांना स्वभाव आहेत, आणि ते स्वभाव लेखकाने ज्या रीतीने घडवले आहेत ती रीत पाहून आम्हा कादंबरीकारांची झोप उडायला हवी. पुस्तकाचे नाव ‘व्हीकल्स’, म्हणजे सरळ मराठीत गाड्या. लेखक व्हॅलेंटिनो ब्राइटनबर्ग. प्रकाशन १९८४ सालचे.

हा ब्राइटनबर्ग मूळचा उत्तर इटलीतल्या बोल्झानोचा, जन्म १९२६ चा. पुढे जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी माक्स प्लांक संस्थेत त्याची बरीच वर्षे गेली, आणि २०११ मध्ये तो वारला. माशीच्या डोळ्यापासून मागे जाणारे तंतू कुठून निघतात व कुठे पोचतात हे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा हा माणूस. अशा माणसाच्या हातून जाडजूड, रुक्ष ग्रंथ व्हावा अशीच आपली अपेक्षा. प्रत्यक्षात त्याने जे लिहिले ते दीडशे पानांचे, चित्रांनी भरलेले, आजोबांनी नातवंडांना सांगावे तसे पुस्तक आहे.

आता बारामती-इंदापूरकडच्या एका शाळामास्तराच्या हाती हे पुस्तक कसे पडले ते सांगायला हवे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. (हल्ली त्याला दहावी म्हणतात, पण आमच्याकडची जुनी माणसे अजून मॅट्रिकच म्हणतात आणि मलाही तो शब्द भारदस्त वाटतो.) आमच्या हाताखालून गेलेली इंदापूर तालुक्यातली एक मुलगी बारावीनंतर पुण्याला गेली आणि तिथे ‘कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स’ नावाचा विषय शिकू लागली. तिची आई एकदा बाजारात भेटली. म्हणाली, “गुरुजी, पोरगी नक्की शिकतीय काय वो? मेंदूची डॉक्टरीण व्हणार का?” मी म्हणालो, “डॉक्टरीण नव्हे, मेंदूचं गणित मांडणार.” त्यावर ती माउली क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गणितच मांडायचं तर मेंदू कशाला पायजे?”

या प्रश्नाला हसू नये. गेल्या ऐंशी वर्षांत मोठमोठ्या लोकांनी हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे. त्याच्या उत्तरासाठी मी मुलीकडे पुस्तक मागितले, आणि तिने हे पाठवले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते दोनदा वाचले.

प्रथम विषयाविषयी थोडे, म्हणजे पुस्तकाची जागा कळेल. मेंदूत चेतापेशी असतात. माणसाच्या मेंदूत त्या साधारण शहाऐंशी अब्ज भरतात. एकीकडून दुसरीकडे विजेचा सूक्ष्म ठोका जातो, पेशींच्या सांध्यावर रसायन पाझरते, आणि पुढची पेशी एकतर चेतते किंवा आवरली जाते. हे कसे घडते ते नुसते वर्णन करून न सांगता समीकरणांत मांडायचे, संगणकावर चालवून पाहायचे, आणि आपली मांडणी खऱ्या पेशीशी जुळते का ते तपासायचे, हा या अभ्यासाचा गाभा. ‘कॉम्प्युटेशनल न्यूरोसायन्स’ हे नाव रूढ झाले ते १९८५ साली कॅलिफोर्नियात भरलेल्या एका परिषदेपासून. पण काम त्याहून जुने. १९५२ साली हॉजकिन आणि हक्सली या दोघा इंग्रजांनी एका समुद्री प्राण्याच्या, माकूळ जातीतल्या स्क्विडच्या, जाड मज्जातंतूवर प्रयोग करून त्या विजेच्या ठोक्याची समीकरणे लिहिली. केंब्रिजचा संगणक त्या सुमारास दुरुस्तीसाठी बंद होता. म्हणून हक्सलीने ब्रुन्स्विगा नावाचे, हाताने दांडा फिरवून चालवायचे यंत्र घेतले आणि आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. ठोका तंतूतून सेकंदाला १८.८ मीटर वेगाने जायला हवा, असे उत्तर निघाले. प्रत्यक्ष मोजलेला वेग २१.२ मीटर होता. दांडा फिरवून इतके जवळ येणे म्हणजे काय, हे पाढे घोकून घेणाऱ्या मास्तरालाच नीट कळेल. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे हा अभ्यास लांबचा राहिलेला नाही. पुण्यात पाषाणला २००६ साली आयसर ही संस्था निघाली. तिथे कॉलिन्स असिसी आणि सुहिता नाडकर्णी यांचे काम याच विषयातले. असिसी यांनी टोळासारख्या कीटकाच्या मेंदूत वासाची ओळख कशी पटते याचे गणित मांडले आहे. नाडकर्णी दोन पेशींमधल्या सांध्याचे रूप संगणकावर उभे करतात. टोळ म्हटला की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, २०२० साली विदर्भात धाड आली होती ती अजून कुणी विसरलेले नाही. पण त्याच टोळाच्या मिशीमागे शे-आठशे पेशींचा असा एक मेळा आहे की तो वास ‘वाजवतो’, सेकंदाला वीसेक ठोक्यांच्या लयीत, हे वाचल्यावर त्या किड्याविषयी माझ्या मनात आदरच उत्पन्न झाला. अशा अभ्यासाला मुले जातात ती वैद्यकाच्या वाटेने क्वचित. पदार्थविज्ञान, गणित, अभियांत्रिकी यांच्या वाटेने अधिक. त्यांना कलनशास्त्र लागते, संभाव्यता लागते, संगणकाला हुकूम लिहिता यावे लागतात, आणि शिवाय जिवंत पेशीचे हट्ट सोसावे लागतात.

हे सारे सांगून त्या आईचे समाधान झाले नसते, हे मी जाणून आहे. ब्राइटनबर्गने मात्र तिचे समाधान केले असते. कारण त्याने समीकरणे बाजूला ठेवून एक छोटी गाडी समोर आणली.

ती गाडी आमच्या भागातल्या माणसाला फार लवकर समजेल. दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या रस्त्यांना बैलगाड्या लागतात. ट्रॅक्टर पुष्कळ झाले तरी गाडी अजून दिसते. दोन बैलांच्या गाडीत उजवा बैल जोरात चालला की गाडी कुठे वळते? डावीकडे. डावा जोरात चालला की उजवीकडे. एवढे ज्ञान पुरे. आता बैलांच्या जागी दोन चाकांना दोन मोटरी बसवा, आणि पुढे दोन्ही बाजूंना उजेड ओळखणारे एकेक यांत्रिक डोळे लावा. उजव्या डोळ्याची तार उजव्या मोटरीला जोडा, डाव्याची डाव्याला. उजवीकडे कंदील असेल तर उजवा डोळा अधिक चेततो, उजवे चाक जोरात फिरते, आणि गाडी डावीकडे वळून कंदिलापासून पळून जाते. पाहणारा म्हणतो, ही गाडी भित्री आहे.

आता एवढेच करा, तारा उलटसुलट जोडा. उजव्या डोळ्याची तार डाव्या मोटरीला, डाव्याची उजव्या. कंदील उजवीकडे असला की डावे चाक जोरात फिरते, गाडी कंदिलाकडे वळते, जवळ जाईल तसा तिचा वेग वाढतो आणि ती त्याच्यावर जाऊन आदळते. ब्राइटनबर्ग तिला आक्रमक म्हणतो. मी तिला मारकी म्हणेन. मारकी म्हैस आपल्याला ठाऊक आहे, ती असेच डोके खाली घालून येते.

तिसऱ्या प्रकरणात तो तारेचा गुणधर्मच फिरवतो. आता उजेड पडला की मोटर जोर धरणार नाही, मंदावेल. सरळ तारा जोडलेली गाडी कंदिलाकडे वळते, जवळ जाते, हळू होते, आणि त्याच्याकडे तोंड करून थांबून राहते. तिला लेखकाने प्रेमिकेचे नाव दिले आहे. उलट तारांची गाडीसुद्धा कंदिलाजवळ रेंगाळते, पण तोंड बाहेर करून, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या उजेडाच्या शोधात निघून जाते. ती शोधक. एकूण दोन तारा, त्यांची दोन प्रकारची जोडणी, दोन प्रकारचा परिणाम. बस्स. एवढ्यात भय, राग, प्रेम आणि भटकेपणा असे चार स्वभाव तयार झाले.

इथे भाषांतराचा एक नाजूक प्रश्न आहे आणि टीकाकाराने तो टाळू नये. जी गाडी जवळ जाऊन, हळू होऊन, तोंड समोर करून थांबते, तिच्या वागण्याला मराठीत ‘प्रेम’ म्हणावे का? माझ्या मते नाही. आपल्याकडे त्यासाठी शब्दांची रांगच आहे. लळा आहे, ओढ आहे, माया आहे, जीव जडणे आहे. त्या गाडीला लळा लागला आहे. माया नव्हे, कारण मायेत देणे असते आणि ही गाडी काही देत नाही. ओढही पुरती नव्हे, कारण ओढीला अंतर लागते. हा फरक इंग्रजीच्या एका शब्दात मावत नाही, मराठीत मावतो. आपली मुले हा विषय इंग्रजीतच शिकणार, त्याला इलाज नाही. पण ज्या भाषेत त्यांनी लळा आणि माया यांतला फरक आईकडून शिकला, त्या भाषेत त्यांनी या गाड्यांकडे एकदा तरी पाहावे, असे मला फार वाटते. तसाच शब्द ‘इन्हिबिशन’. पाठ्यपुस्तके त्याला निरोध वगैरे म्हणतात. साधा शब्द ‘आवर’ हा आहे. मेंदूच्या बाहेरच्या थरातली साधारण दर पाचातली एक पेशी दुसरीला आवरण्याचेच काम करते. आवर घालणे हे मराठी माणसाने जन्मभर ऐकलेले आहे, आणि इथे तो शब्द शास्त्रार्थाने तंतोतंत बसतो.

पुस्तकाचा कणा पाचव्या गाडीपाशी आहे. तिथे लेखक एक नियम मांडतो. रचना करणे हे उतारावरून गाडी सोडण्यासारखे, आणि बाहेरून पाहून आतली रचना ओळखणे हे चढण चढण्यासारखे. एखादे यंत्र आपण केले तर ते कसे वागेल हे पाहणे सोपे. पण आत काय आहे हे न कळता नुसते वागणे पाहणारा माणूस आतली गुंतागुंत नेहमी अतोनात वाढवून सांगतो. दोन तारांच्या गाडीत तो भीती, द्वेष, हेतू, आठवण, सगळे भरतो. आम्ही लेखक मंडळी तर हे भरण्याचाच धंदा करतो.

भिगवणच्या पुढे उजनीचे पाणी पसरलेले आहे. थंडीत तिथे रोहित पक्षी उतरतात, पट्टेरी डोक्याचे हंस येतात. संध्याकाळी थवा एकदम उठतो, वळतो, पुन्हा वळतो. सोबतचा नावाडी सांगतो, “म्होरक्या असतो त्यांच्यात.” १९८७ साली क्रेग रेनॉल्ड्स याने संगणकावर असाच थवा उडवून दाखवला. त्यात म्होरक्या नव्हता. प्रत्येक पक्ष्याला तीनच नियम: शेजाऱ्यावर आदळू नको, शेजाऱ्यांच्या दिशेने व वेगाने उड, आणि त्यांच्या मध्याकडे राहा. उजनीवरचे पक्षी याच तीन नियमांनी उडतात असे यातून सिद्ध होत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सिद्ध होते ते एवढेच, की म्होरक्या नसतानाही असा थवा उडू शकतो. नावाड्याच्या डोळ्यांपेक्षा त्याचे अनुमान पुढे धावले. ब्राइटनबर्गचा सारा रोख या धावण्यावर आहे.

हा नियम हातात घेऊन मी आपल्या दोन कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. दोन्ही एकाच दशकातल्या आणि दोन्ही मला प्रिय. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. प्रत्येकाचे मन पानोपानी उघडे आहे, प्रत्येक कृतीचे कारण तिच्या शेजारी उभे आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो, आणि ती माणसे आपल्याला दिसतात ती त्यांच्या चालण्यावरून, बोलण्यावरून, मेंढरांमागच्या त्यांच्या दिवसावरून. कारभाऱ्याच्या मनात शिरून लेखक आपल्याला काही दाखवत नाही. दुष्काळ येतो, वाडी उठून जाते. आपण पुस्तक मिटतो तेव्हा ती मने आपण स्वतः घडवलेली असतात. ‘ययाति’ खोटी आणि ‘बनगरवाडी’ खरी, असा निकाल मी देणार नाही. ज्याला वासनेचे भाषण ऐकायचे आहे त्याने खांडेकरांकडेच जावे. परंतु माझ्यासारखे दुय्यम लेखक जेव्हा दर परिच्छेदाला ‘त्याच्या मनात विचारांचे काहूर माजले’ असे लिहितात, तेव्हा त्यांनी थांबून विचारावे, की हे काहूर मी पाहिले की नुसते चिकटवले? दोन तारांत काम होत असेल तर तिसरी मी कशासाठी ओढतो?

या मुद्द्याला आपल्या परंपरेची एक बाजू आहे. मराठीत मन हे फार जुने पात्र आहे. समर्थांनी दोनशे पाच श्लोक मनाला उद्देशून लिहिले. आपण त्याला समजावतो, दटावतो, गोंजारतो. बोलणारा एक आणि ऐकणारे मन दुसरे. मग बोलणारा कोण? त्याच्या आत आणखी एक मन आहे काय, आणि त्याच्या आत आणखी एक? मेंदूच्या शास्त्रज्ञांना ही अडचण चांगली परिचित आहे. डोक्यात बसून पडद्यावरचे चित्र पाहणारा छोटा माणूस कल्पिला की त्या माणसाच्या डोक्यात कोण बसले आहे, हा प्रश्न उरतोच. आनंद जोशी आणि सुबोध जावडेकर यांच्या मराठी पुस्तकाचे ‘मेंदूतला माणूस’ हे नाव म्हणूनच मला फार अर्थपूर्ण वाटते. ब्राइटनबर्गच्या गाडीत माणूस बसलेला नाही, नुसत्या तारा आहेत, आणि तरी ती भिते. साधकाला उद्देशून केलेल्या उपदेशाचे मोल याने कमी होत नाही, तो प्रांत वेगळा. पण ‘मन’ हा शब्द कारण म्हणून वापरायची आपली सवय मात्र उघडी पडते. मुलगा अभ्यास का करत नाही? मन लागत नाही. मन का लागत नाही? अभ्यास करत नाही म्हणून. पालकसभेत हे गोल फिरणारे उत्तर मी कितीदा ऐकले असेल.

आणि बारामतीकरांना तरी गणित आणि भाव यांचे वैर नवे नाही. मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयाने याच गावी राहिले आणि त्यांनी आर्या रचल्या, पहिल्या चरणात बारा मात्रा, दुसऱ्यात अठरा, आणि तोल एकदाही न ढळता. एकशे आठ रामायणे लिहिली. त्यांतल्या एकात ओठाला ओठ लावणारे अक्षर नाही, म्हणजे ज्याचे रामायण त्याचे नावसुद्धा त्यात उच्चारता येत नाही! पंतांच्या कवितेत मोजमाप आहे, हृदय नाही, असा आक्षेप पिढ्यानपिढ्या घेतला गेला, आणि निबंधमालाकार चिपळूणकरांनी त्यांची बाजू लावून धरली. मला हा वाद नेहमीच चुकीच्या जागी मांडलेला वाटतो. मात्रा मोजल्याने भाव मरत नाही, तसा तो आपोआप येतही नाही. आर्येतला एखादा करुण शब्द ऐकून सभेतल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले, तर ते बारा-अठराच्या हिशेबातूनच आले. हिशेब खोटा नाही आणि पाणीही खोटे नाही. ‘गणितच मांडायचं तर मेंदू कशाला’ असे विचारणाऱ्या त्या आईला आर्येवरच्या कीर्तनाला बसवले असते तर निम्मे उत्तर तिला तिथेच मिळाले असते.

येथवर मी पुस्तकाची स्तुती केली. आता त्याचे उणे.

पहिल्या पाच-सहा गाड्यांपर्यंत लेखक प्रामाणिक सुतारासारखा वागतो, काय जोडले ते दाखवतो. सहावीत तर त्याने उत्क्रांतीचे सुरेख रूपक केले आहे: टेबलावर गाड्या फिरताहेत, ज्या खाली पडल्या नाहीत त्यांची घाईघाईने नक्कल करायची, आणि घाईत झालेल्या चुकांतून कधी एखादी अधिक चतुर गाडी निघते. पण सातव्या गाडीपासून त्याच्या दुकानात जादूच्या तारा येऊ लागतात. ‘निमोट्रिक्स’ नावाची तार दोन भाग एकाच वेळी चेतले की आपोआप बळकट होते. ‘एर्गोट्रिक्स’ एकामागून एक चेतले की बळकट होते. अशा तारा हव्या तेवढ्या विकत मिळाल्या की गाडीला कल्पना सुचतात, नियम कळतात, पुढचे दिसते. मिळाल्या की! कादंबरीत श्रीमंत काका ऐन वेळी वारल्याने नायकाची फी भरली जावी, तसे हे झाले. पेशींमधले सांधे अनुभवाने बळकट होतात ही गोष्ट खरी आहे, आणि ती कशी होते यावर आज जगभर काम चालू आहे. ब्राइटनबर्गने मात्र ती गृहीत धरून पुढे पळ काढला. शेवटी जोडलेल्या जीवशास्त्रीय टिपांत तो बरेच कर्ज फेडतो हे मान्य, पण गोष्ट ऐकणाऱ्याला ते दिसत नाही.

दुसरे उणे मला मास्तर म्हणून अधिक खुपते. या गाड्यांना बालपण नाही. त्या तयारच येतात. त्यांना भूक नाही, झोप नाही, त्यांच्याशी कुणी बोलत नाही. उजेड आहे, वास आहे, टेबल आहे, दुसऱ्या गाड्या आहेत, पण अंगाईगीत नाही. आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुले हंगामात येतात. दोन महिने बोलत नाहीत, कोपऱ्यात बसतात. बाहेरून पाहणारा त्यांना भित्री म्हणतो. त्यांतले कुणी खरोखर भित्रे असते, कुणी पहाटे तीनला आईबरोबर फडात उठलेले असते आणि निव्वळ पेंगत असते. वागणे एकच, तारा निराळ्या. या ठिकाणी ब्राइटनबर्गचा नियम आणि त्याचा अपुरेपणा दोन्ही एकदम दिसतात. बाहेरून पाहून आतले सांगू नये, हे तो बरोबर शिकवतो. पण आतले कळायला कधी नुसत्या तारा पुरत नाहीत, पहाट किती वाजता झाली हेही विचारावे लागते.

पुस्तक आले तेव्हापासून तारांचे ज्ञान पुष्कळ पुढे गेले. एका सूक्ष्म कृमीच्या ३०२ चेतापेशींची सारी जोडणी १९८६ सालीच छापून आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला, सुमारे एक लाख चाळीस हजार पेशी आणि पाच कोटींवर सांधे. वाटेल की आता चढण संपली, सगळे कळले. तसे झालेले नाही. कृमीच्या तारा हाती येऊन चाळीस वर्षे होत आली, तरी तो कृमी प्रत्येक वेळी असा का वळतो हे समग्रपणे सांगता येत नाही. नकाशात तार दिसते, पण ती चेतवणारी की आवरणारी, किती जोराची, आज भुकेल्या पोटी कशी आणि उद्या भरल्या पोटी कशी, हे सारे पुन्हा मांडून, चालवून पाहावे लागते. तेच काम आमची ती मुलगी शिकते आहे. तिने मला लिहिले की तिचा अर्धा वेळ जोडणी उतरवण्यात जातो आणि अर्धा, जोडणी बरोबर असूनही गाडी का चालत नाही, हे शोधण्यात.

चौदावी, शेवटची गाडी आशावादी आहे. पुढे काय घडेल याचा ती अंदाज बांधते, आणि अनेक शक्यतांपैकी तिला जी बरी वाटते तिच्याकडे झुकते. समीक्षकाच्या काटेकोर नजरेने हे प्रकरण सर्वांत कच्चे आहे. तरीही ते वगळावे असे मला वाटले नाही. इतका वेळ तारा मोजणारा हा म्हातारा शेवटी आपल्या गाडीला थोडी आशा देतो, आणि ती कोणत्या तारेतून दिली हे सांगताना जरा घुटमळतो, ते मला आवडले.

ज्यांच्या घरी सुट्टीत आठवी-नववीतली मुले आहेत त्यांना एक सुचवतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात खेळण्यातल्या दोन मोटरी, उजेड ओळखणारे दोन सुटे भाग, एक-दोन ट्रान्झिस्टर आणि बॅटरी अगदी थोड्या पैशांत मिळतात. पुठ्ठ्याची गाडी करावी, अंधार पडल्यावर अंगणात पणती ठेवावी आणि गाडी सोडावी. तारा सरळ जोडायच्या की उलट, हे मात्र त्यांना आधी सांगू नये.